हट्ट्याची पाटी

हिंगोलीकडे पंधरा दिवस राहून आले असं सांगितलं, की ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, "मग औंढा नागनाथाचं दर्शन झालं असेल?" नाही झालं. देऊळ काही फार लांब नव्हतं, जीप मिळाली असती तर सकाळी जाऊन दुपारी परत येता आलं असतं. पण जीप मिळाली नाही, आणि ज्या दिवशी मिळाली त्या दिवशी मला सवड नव्हती. त्या पंधरा दिवसांत मी रोज नेमाने ज्याचं दर्शन घेतलं ते एका शाळेच्या दाराचं कुलूप.

मी मूळची चिपळूणची. तेव्हा पुण्यातल्या एका संस्थेत काम करत होते. मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवणारे जे नवे शिक्षक असतात, त्यांच्या वर्गात काही दिवस मागे बसायचं, अडलं तिथे दाखवून द्यायचं आणि परत यायचं, असं ते काम. यात वर्ग भरलेला असतो हे गृहीत होतं. पुण्यात बसून माणूस बरंच काही गृहीत धरतो.

वसमत

नांदेडहून वसमतला उतरले तेव्हा मला घ्यायला येणारा माणूस आलेला नव्हता. तो नंतरही कधीच आला नाही. माझ्याजवळ एक बॅग, पुस्तिकांचा गठ्ठा, पाट्यांचं खोकं आणि दोन कंदील. कंदिलांबरोबर रॉकेल मिळेल असं लिहून आलं होतं, ते अर्थातच मिळालं नाही. स्टँडवरच्या चहावाल्याने माझ्याकडे बघून, "बैठो मॅडम, जीप आती," असं दोन-तीनदा सांगितलं. हिंगोली जिल्हा परभणीतून निघून नवा झाला होता, पण चहावाला मला परभणी जिल्ह्याचीच माहिती देत होता. चहात साखर इतकी, की चमचा उभा राहावा.

जीप आली. नऊ माणसांच्या जागेत किती बसवायची याला तिथे मर्यादा नाही, आणि कुणी कुरकुरही करत नाही. आमच्याकडे एवढ्या गर्दीत माणसं एकमेकांकडे बघायचं टाळतात. इथे समोरच्या बाईने मला गाव विचारलं, मुलं किती विचारलं, आणि मूल नाही म्हटल्यावर काहून न्हाई, तेही विचारलं. वाटेतलं कुरुंदा मागे पडेपर्यंत जीपभर माझी हकीकत झालेली होती.

गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं आणि कुणी जाऊन सांगितलं, तर गयाबाई पुण्याला भांडायला येतील. आणि आता त्या येऊ शकतात.

गाव

मी उतरले सुनिताच्या घरी. सुनिता म्हणजे त्या गावची नवी शिक्षिका. वय बावीस-तेवीस, बारावी झालेली, लग्न होऊन आलेली. गावात बारावी झालेली दुसरी बाई नव्हती म्हणून तिची निवड झाली होती. तिची सासू म्हणजे गयाबाई. पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की शेताच्या एका बांधावरून बोलल्या तर दुसऱ्या बांधावरच्या माणसाने काम थांबवावं. गावातल्या कामाला जाणाऱ्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या.

पहिल्या दिवशी शाळेला कुलूप होतं आणि किल्ली गुरुजींबरोबर वसमतला गेली होती. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले होते, पण किल्ली त्यांनी घरीच ठेवली होती. तिसऱ्या दिवशी आम्ही मारुतीच्या पारावर वर्ग भरवायचं ठरवलं, तर तिथे पत्त्यांचा डाव रंगलेला. खेळणाऱ्यांनी मोठ्या आदबीने आम्हाला जागा करून दिली आणि स्वतः अर्ध्या पारावर खेळत राहिले. वर्गाला आली एक म्हातारी. तिला ऐकू येत नव्हतं.

त्या संध्याकाळी सुनिताने भाकऱ्या थापता थापता मला सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत वर्गात बायका बसल्या नाहीत तर तालुक्याचे लोक हा वर्ग दुसऱ्या गावाला देणार आहेत. मी म्हणाले, दिला तर दिला, तुझा काय दोष? तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "बाई, वर्ग हाय म्हणून मला दुपारचं दारातून बाहेर पडता येतं. लग्न झाल्यापासून दुसरं निमित्त न्हाई."

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कांदा. येसर हा तिकडचा भाजलेल्या डाळी-धान्याचा मसाला. पाण्यात कालवून उकळला की आमटी तयार. भात सणासुदीला. मी भातावर वाढलेली. चौथ्या दिवशी मला स्वप्नात भात दिसायला लागला. पण त्या आमटीची चव अजून जिभेवर आहे आणि पुण्यात मला ती जमत नाही, हेही कबूल करते.

बायका का येत नाहीत, ते मी गयाबाईंनाच विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सूर्य पूर्वेला का उगवतो असं विचारलं होतं. हळद निघत होती. सगळं गाव हळद काढण्यात, शिजवण्यात आणि वाळवण्यात होतं. हळद आवरेपर्यंत एकही बाई येणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मी साक्षरतेवर बोलले. चांगलं बोलले, असं मी पुष्कळ ठिकाणी बोलले आहे आणि लोकांनी माना डोलवल्या आहेत. गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"हळद जिमिनीत ऱ्हायली तर सडून जाईल, बाई," त्या म्हणाल्या. "अक्षर सडतं का?"

मला राग आला. रागाच्या भरात मी जाहीर केलं, की बायका वर्गात येत नसतील तर वर्ग बायकांकडे येईल. दुसऱ्या दिवशी दुपारी फळा डोक्यावर घेऊन दीड मैल उन्हात चालताना मला या घोषणेचा पश्चात्ताप झाला. फळा सुनिताने घ्यायला हवा होता, पण गावातून सुनेने डोक्यावर फळा नेणं बरं दिसत नाही असं ठरलं होतं. पाहुणीने नेला तर चालतो.

कढईपाशी

आमच्या चिपळूणला हळद म्हणजे विहिरीमागची चार रोपं. पानं तांदळाच्या पातोळ्या उकडायला, बाकी कशाला फारशी नाही. इथे नजर पोचेल तिथवर काळी भेगाळलेली जमीन, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली आणि आता सुकून आडवी झालेली हळद, आणि मधोमध चुलाणावर चढवलेली एवढी मोठी कढई, की आत दोन म्हशी बसाव्यात. गोणपाटाखाली हळद रटरटत होती. त्या वाफेला मातीचा आणि पातोळ्यांचा असा दोन्ही वास होता. मला त्या उन्हात, त्या धुरात, आईच्या स्वयंपाकघराची आठवण आली आणि उगाचच रडू आलं. बायकांना वाटलं धूर गेला डोळ्यात. त्यांनी मला सरकवून बसवलं.

बायका ढिगाभोवती बसून गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करत होत्या. हात कोपरापर्यंत पिवळे. सुनिता फळ्यापाशी उभी राहिली. गयाबाई फळ्याकडे पाठ करून बसल्या. सुनेपुढे पाटी धरून बसणं त्यांना मंजूर नव्हतं. मी शिकवलं तर चालेल, असं त्यांनी सुचवलं. पण मी पंधरा दिवसांनी जाणार होते, आणि शिकवायला सुनिताच राहणार होती. मी नाही म्हटलं. त्यांनी पाठ फिरवलेलीच ठेवली.

आमच्या पुस्तिकेचा पहिला धडा 'घर'. दोन सोपी अक्षरं, रोजचा शब्द. पुष्कळ विचार करून ठेवलेला. सुनिताने फळ्यावर घर लिहिलं. बायकांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा हळद मोडायला लागल्या. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी गयाबाईंनी, पाठ न वळवता, हट्टा कसं लिहितात ते विचारलं.

हट्टा हे वसमतपलीकडचं मोठं गाव, परभणीच्या रस्त्यावर. मी त्यांना समजावलं, की त्यात जोडाक्षर आहे आणि जोडाक्षरं आपण अगदी शेवटी, तिसऱ्या पुस्तिकेत घेतो. आधी घर शिकू.

"घर काहून लिवू?" गयाबाई म्हणाल्या. "घरातच तर बसून राहिले. मपली लेक हट्ट्याला दिलेली हाय."

मग ती गोष्ट कळली. बरीचशी बाकीच्या बायकांनी सांगितली. काही वर्षांपूर्वी गयाबाई एकट्याच लेकीकडे निघाल्या. वसमतच्या स्टँडवर एकाला विचारून गाडीत बसल्या. गाडी निघाली औंढ्याच्या दिशेला. शिरड शहापूरला त्यांच्या लक्षात आलं. तिथे उतरून, रस्त्यात बसून राहून, शेवटी ओळखीच्या एका माणसाबरोबर संध्याकाळी घरी आल्या. त्यानंतर मुलाने त्यांना एकटं सोडणं बंद केलं. गावाला तर चघळायला विषयच मिळाला. अजूनही कुणी बाजाराला निघालं की, "शिरडहून काही आणायचं का, गयाबाई?" असं विचारून जातं. बायका हे हसत सांगत होत्या. गयाबाई हळकुंडं मोडत होत्या. नेहमीपेक्षा जोरात.

मी पद्धतीला धरून बसले होते. पण सुनिताने माझ्याकडे न बघता फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत हट्टा लिहिलं. माझ्यासमोर, माझी परवानगी न घेता. मला ते मुळीच आवडलं नाही. ती म्हणाली, ह तर सरळ आहे, आणि पुढे एका 'ट'च्या खाली दुसरा 'ट'. गयाबाईंनी पहिल्यांदाच मान वळवली. "मंग ही तर उतरंड हाय," त्या म्हणाल्या. मडक्यावर मडकं रचतात तशी.

त्यांनी पाटी घेतली. आणि दहाव्या मिनिटाला सगळं फिसकटलं. ह काही केल्या वळेना. सुनिताने उत्साहाच्या भरात सासूचा हात धरून तो गिरवून घेतला, लहान लेकराचा धरतात तसा. बायका हसल्या. गयाबाईंनी पाटी खाली ठेवली, हात झटकला आणि कढईकडे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाईंनी सांगितलं, की सुनिता आज घरीच राहील. शेणकूट आहे, दळण आहे. मला राहवलं नाही. शिकण्यात मान-अपमान नसतो, सून असो की लेक असो, वगैरे मी बोलले, आणि बोलायला नको होतं तेवढं बोलले. सुनिता चुलीपुढून मला डोळ्यांनी थांबा म्हणत होती. गयाबाईंनी शांतपणे माझ्या ताटात आणखी एक भाकरी घातली. "जेवा, बाई."

दोन दिवस वर्ग बंद. मी फळा घेऊन एकटी जाऊन बसले, हट्टाने. बायका माझ्याशी गोड बोलल्या, हळदीची चटणी कशी करतात ते सांगितलं, आणि एक अक्षर काढलं नाही. मी मनात परतीच्या गाडीचा हिशोब करायला लागले.

तिसऱ्या दिवशी कुरुंद्याच्या बाजारातून निरोप आला. हट्ट्याची एक बाई भेटली होती. गयाबाईंची लेक बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. पण लेकीचा ताप उतरत नव्हता आणि ती धड जेवत नव्हती. गयाबाईंच्या मुलाने ऐकून घेतलं आणि हळद वाळून पॉलिश झाली की आपण घेऊन जाऊ म्हणाला. म्हणजे आठ-दहा दिवस. तो वाईट माणूस नव्हता. हळद उघड्यावर पडलेली होती आणि माणसं कमी होती. त्या दुपारी शेताकडे निघताना गयाबाईंनी सुनिताला हाक मारून बरोबर घेतलं. शेतात गेल्यावर त्या फळ्याकडे तोंड करून बसल्या.

"शिकव," त्या सुनेला म्हणाल्या. "पण हात धरू नको."

सुनिताने चुलाणाजवळची राख पसरली आणि त्यात काडीने लिहायला लागली. गयाबाई शेजारी तसंच काढत. चुकलं की सुनिता बोट न लावता नुसतं आपलं अक्षर पुसून पुन्हा काढे. तासभर दोघी खाली वाकून. हट्टा आलं. मग वसमत, परभणी, कुरुंदा. हे बघून बाकीच्या बायकांनाही आपापले शब्द हवे झाले. एकीला माहेरचं गाव. एकीला नवऱ्याचं नाव. ते तिला तोंडाने घेता येत नव्हतं, पण लिवलं तर चालतं, असं तिचं म्हणणं पडलं. तिने ते सुनिताच्या कानातही सांगितलं नाही, शेजारणीकडून वदवलं. पुस्तिका गठ्ठ्यातच राहिल्या. माझ्या पद्धतीचे तीन तेरा वाजले, आणि अकरा बायका राखेत लिहीत होत्या. यावर अहवालात काय लिहावं, या विचाराने माझं डोकं दुखायला लागलं.

परत वसमत

माझ्या निघायच्या दिवशी मुलाने आईला जायला परवानगी दिली. अट एकच: मी त्यांना वसमतला हट्ट्याच्या गाडीत बसवून द्यायचं आणि मगच नांदेडची गाडी धरायची. मी कबूल केलं. गयाबाईंनी नवं लुगडं नेसलं, धपाट्यांचं गाठोडं बांधलं. जीपमध्ये बसल्या बसल्या त्यांनी मला बजावलं, की गाडी त्याच ओळखणार आणि मी तोंड उघडायचं नाही.

मी उघडलं नाही. स्टँडवर त्या एकेका गाडीपुढे उभ्या राहिल्या. ओठ हलायचे, मान हलायची, पुढची गाडी. माणसं धक्के मारून जात होती. मला तीनदा वाटलं सांगून टाकावं. शेवटी एका गाडीपुढे त्या खूप वेळ थांबल्या. पाटीवर होतं 'परभणी मार्गे हट्टा'.

"ह," त्या म्हणाल्या. मग, "उतरंड. हट्टा."

मीही वाचलं. बरोबर होतं. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच बरं वाटलं. आम्ही आत चढलो. माझी गाडी अजून लागलेली नव्हती, म्हणून मी त्यांच्याजवळ टेकले. गाडी भरली, कंडक्टर चढला, आणि घंटी मारायच्या आधी ओरडला, "नांदेड, चला, नांदेड."

गयाबाईंनी त्याला गाडी हट्ट्याची असल्याचं सांगितलं. तो वैतागून म्हणाला, ही नांदेडला जाते, मावशी, उतरा. पाटी सकाळच्या फेरीची राहिली आहे. चढताना कुणाला विचारायचं नाही का?

मला वाटलं आता ही बाई कोसळणार. पुन्हा गावभर हसं. मी त्यांचा दंड धरायला हात पुढे केला. त्या बसल्या जागेवरून हलल्या नाहीत.

"मागं इचारून बसले व्हते, तवा शिरडला गेले," त्या म्हणाल्या. आवाज बांधावरचा. "आज वाचून बसले. पाटी तुमची चुकली. म्या न्हाई चुकले."

कंडक्टर माझ्याकडे वळला. मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या दिसता, तुम्ही तरी सांगायचं. मी म्हणाले, मीसुद्धा पाटी वाचूनच चढले. हे खरंच होतं. नांदेडची गाडी मलाच हवी होती, आणि त्या पाटीवर विश्वास ठेवून मी ती समोरून जाऊ दिली असती.

पाटी बदलल्याशिवाय उतरणार नाही, असं गयाबाईंनी सांगितलं. लोक कुरकुरले. ड्रायव्हर हसत होता. अखेर कंडक्टर खाली उतरला आणि पाटी फिरवली. मग गयाबाई उठल्या, गाठोडं घेतलं, खाली उतरून पुढे जाऊन पाटी पाहिली. मी मागोमाग उठले, तर त्यांनी हाताने मला खाली बसवल्यासारखं केलं. "तुमची गाडी हाय ना ही? जावा तुमी. म्या बघते."

आणि गाडी सुटली. मी दाराशी उभी, आणि त्या स्टँडवर एकट्या, पाठमोऱ्या, पुढच्या गाडीकडे चाललेल्या. मी मुलाला दिलेला शब्द तिथेच मोडला. नांदेडपर्यंतचा सगळा रस्ता मी स्वतःवर, कंडक्टरवर, त्या पाटीवर आणि सगळ्यात जास्त गयाबाईंवर चिडून काढला. उतरले असते तर? गाडी थांबवली असती तर? ताप आलेली लेक, कडेवर तान्ही, आणि आई पुन्हा कुठल्या तरी शिरडला.

पुणे

पुढे काही दिवस त्यांचं काही कळलंच नाही. गावात फोन नव्हता. मी ऑफिसात सगळ्यांवर खेकसत होते.

मग एका दुपारी फोन आला. सुनिता कुरुंद्याच्या बूथवरून बोलत होती. खरखर, मागे ट्रॅक्टर. तिने आधी माझी खुशाली विचारली, नवऱ्याची विचारली, मी हो हो करत जीव मुठीत धरून उभी. मग सांगितलं, की आत्याबाई, सासूला ती तसंच म्हणते, हट्ट्याला बरोबर पोचल्या. पुढची गाडी लागली तेव्हा त्यांनी पाटी वाचली, मग कंडक्टरला विचारलं, आणि मग ड्रायव्हरला वेगळं विचारलं. लेकीला दवाखान्यात नेलं, ताप उतरला. दोन दिवसांसाठी गेल्या होत्या, आठ दिवस राहिल्या आणि एकट्या परत आल्या. वर्ग चालू होता. तालुक्याचे लोक येऊन बघून गेले होते, आणि पुस्तिका कोऱ्या कशा, म्हणून तिला बोलून गेले होते.

मी विचारलं, मग फोन कशासाठी केलास? काही अडलं का?

अडलं होतं. परतीच्या गाडीत कुणीतरी आत्याबाईंना सांगितलं होतं, की कंडक्टरजवळ एक वही असते, आपली गाऱ्हाणी त्यात स्वतः लिहिता येतात. तेव्हापासून त्यांना 'तक्रार' हा शब्द हवा होता. बाकी सगळं नंतर. सुनिताला त्यातला 'क्र' फोडून कसा दाखवायचा, ते कळत नव्हतं.

तेही जोडाक्षर. तिसरी पुस्तिका, शेवटचे धडे. मी कपाळावर हात मारला. फोनमध्ये काही ऐकू जात नव्हतं म्हणून मला मोठ्याने सांगावं लागलं. आधी नुसता क काढायचा, आणि मग त्याच्या दांडीच्या खालच्या टोकाला एक तिरकी रेघ, डावीकडे खाली. सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं.

सुनिता म्हणाली, एक मिनिट थांबा. रिसीव्हर तिने बाजूला धरला असावा. ट्रॅक्टर गेला होता, त्यामुळे पुढचं मला स्पष्ट ऐकू आलं.

"डावीकडं, आत्याबाई," ती सांगत होती. "न्हाई, डावीकडं."